साय कुठे गेली

एकोणीसशे एकाहत्तर साली आमच्या गाईंच्या दुधातली साय नाहीशी झाली, आणि ती मीच काढून घेते असं अख्ख्या गल्लीनं ठरवून टाकलं. ठरवणाऱ्यांपैकी आता फारसं कुणी उरलेलं नाही. तरी अजून कपातल्या दुधावर साय धरली की मला आधी ती दिसते आणि मग दूध.

आमचं घर गल्लीच्या अगदी शेवटी होतं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून दगडी फरशीचा गोठा, आणि गोठ्याचं मागचं दार उघडलं की सरळ कुरण. गाई सहा आणि माणसंही सहा, माझ्या दोन वर्षांच्या मुलाला धरून. मामंजी, म्हणजे माझे सासरे, घराचे कारभारी. सासूबाई स्वयंपाकघराच्या मालकीण. वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, लग्नाची व्हायची होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. आणि आमचे हे. ते लाकडाच्या वखारीत कामाला जात आणि घरी आले की कुठल्याच भांडणात पडत नसत. भला माणूस म्हणून त्यांचं नाव होतं ते त्यामुळेच.

माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लग्नाआधी मी गाय पाहिली होती ती रस्ता ओलांडताना. पण वडिलांची बोटं माझ्या हातात उतरली असावीत, कारण सासूबाईंनी दोन-तीनदा दाखवलं आणि मला धार काढणं जमून गेलं. वर्षभरात त्यांनी बादली माझ्या हवाली केली. स्वयंपाकघरात मी कायमची हाताखालची, मीठसुद्धा विचारून घालायचं. गोठ्यात मात्र मला कुणाला विचारावं लागत नसे. सकाळी गाईच्या कुशीला कपाळ टेकवून बसलं की आतून रवंथाचा आवाज यायचा, संथ, एकसारखा, कुणीतरी शेजारच्या खोलीत जात्यावर बसल्यासारखा. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती.

त्या वर्षी कुरण नवं होतं. आदल्या साली जुनं गवत विरळ झालं होतं, गाईंचं दूध उतरलं होतं, म्हणून मामंजींनी सगळी जमीन नांगरून नवं बी पेरलं. तसं गवत मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. कोवळं, गर्द, पायाखाली दबलं तर पाणी सुटेल असं. मामंजी येईल त्याला मागच्या दारात नेऊन उभं करत आणि स्वतः बाजूला होत, जणू नवरी दाखवताहेत. घरात त्यांनी कायदाच केला. मक्याचा भरडा फक्त संध्याकाळी, गाईमागे एक डबा, तोही सपाट.

"एवढ्या गवतावर दाणा घालायचा म्हणजे जेवून उठलेल्याला परत ताट वाढायचं," ते म्हणायचे.

डबा घालायचं काम सासूबाईंचं होतं. भरड्याची मोठी कोठी गोठ्याच्या कोपऱ्यात होती, तिला कुलूप नव्हतं.

दूध वाढलं. आदल्या वर्षी लहान कॅन भरताना मारामार व्हायची, आता मोठा गळ्यापर्यंत भरायला लागला. मामंजी शीळ घालत फिरायचे. फक्त कोठी वेळेआधी रिकामी व्हायची.

"उंदीर झालेत," एकदा चहा पिताना मामंजी म्हणाले.

"फार झालेत," सासूबाई लगेच म्हणाल्या.

"मी परवा एक पाहिला," वन्सं म्हणाली. "मांजराएवढा होता."

आमचे हे बशीत बघत म्हणाले, "वखारीतही झालेत."

त्या घरात चार माणसांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. वखारीतून एक मांजर आलं. ते दिवसभर कोठीच्या झाकणावर झोपायचं आणि दोन वेळा दूध प्यायचं. उंदीर काही त्यानं कधी आणून दाखवला नाही.

मला दोन गोष्टी खटकत होत्या. एक म्हणजे गाई कुरणात सोडल्या की थोडंसं तोंड हलवून बसून जायच्या. गवत तर पोटरीला लागायला आलं होतं. दुसरी गोष्ट, धार काढताना तो रवंथाचा आवाज येईनासा झाला होता. आधी एका गाईचा गेला, मग दुसरीचा, आणि एके सकाळी लक्षात आलं की गोठ्यात फक्त बादलीत पडणाऱ्या दुधाचा आवाज आहे.

मी मामंजींना सांगितलं.

"पोट भरलं की माणूससुद्धा बसतो," ते म्हणाले.

"पण रवंथही करत नाहीत."

"दूध देतात ना?"

"देतात."

"मग त्यांनी काय करावं म्हणतेस, गाणं म्हणावं?"

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, त्यांचं त्यांना कळतं." सासूबाईंना सांगायला गेले तर त्यांनी माझ्या हातात निवडायला पालेभाजी दिली.

दूध केंद्र म्हणजे गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराची एक खोली. सकाळी सगळे आपापले कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे. तिथल्या माणसाला लोक डिग्रीवाला म्हणायचे, कारण आधी दुधात काचेची डिग्री सोडून पाहिल्याशिवाय तो कुणाला हूं की चूं करत नसे. डिग्रीवरून पाणी घातलंय का ते कळायचं. मग तो काचेच्या नळीत दूध घेऊन यंत्रात गरगर फिरवायचा आणि फॅट किती ते सांगायचा. त्या यंत्राच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे त्याचा आवाज असा झाला होता की निकाल आमच्या मागच्या दारापर्यंत ऐकू यावा.

आमचा मोठा कॅन मामंजी आणि मी दोन बाजूंनी धरून नेत असू. त्या दिवशी मी कॅनचा एक कान धरून उभी असतानाच तो ओरडला.

"डिग्री ठीक. फॅट दोन सात."

साडेतीनच्या खाली आमचं दूध कधी आलं नव्हतं. मामंजी म्हणाले, "नळी चुकली असेल. परत लाव."

त्यानं परत लावली. दोन सात.

"काका, ऐका," डिग्रीवाला म्हणाला, आणि त्याच्या 'ऐका'मुळे सगळी रांग ऐकायला लागली. "पाणी घातलं असतं तर डिग्री पडली असती. डिग्री पडली नाही आणि फॅट पडली. याचा अर्थ एकच. दूध घरात ठेवलेलं राहतं आणि वरची साय कुणीतरी उचलतं. कोण ते तुमचं तुम्ही बघा. पण असलं दूध मला सारखं घेता येणार नाही."

आमच्या मागे बेकरीवाली उभी होती. तिनं गोड आवाजात विचारलं, "धार कोण काढतं हो तुमच्याकडे?"

"सूनबाई," मामंजी म्हणाले.

"हं," बेकरीवाली म्हणाली.

त्या एका 'हं'नं माझं काम तमाम केलं. मी तोंड उघडेपर्यंत पुढचा कॅन लागला होता.

घरी आल्यावर मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. सासूबाई माझ्या मुलाला मांडीवर घेऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या.

"पोराचे गाल मात्र छान भरलेत," त्या म्हणाल्या.

"आई, तो जन्मल्यापासून असाच आहे."

"मी कुठे काय म्हणाले? गाल छान आहेत म्हटलं."

आमचे हे म्हणाले, "मांजरानं खाल्ली असेल साय."

"हो तर," मामंजी म्हणाले. "झाकण काढून खाल्ली, तोंड पुसलं, झाकण परत लावलं."

दिवा मालवल्यावर यांनी हळूच विचारलं, "नाही ना काढलीस?"

"तुम्ही विचारताय मला?"

"नाही म्हणजे, नाही काढलीस ना, मग झालं तर. कशाला मनाला लावून घेतेस."

मी भिंतीकडे तोंड करून पडले. भांडायला समोरचा माणूस भांडखोर तरी लागतो.

पुढच्या आठवड्यात परत तेच, दोन सात. मामंजी घरी आले, कॅन खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता वन्संला म्हणाले, "उद्यापासून धार तू काढायचीस. ही आत बघेल."

"मी?" वन्सं म्हणाली. "मला बाईसाहेब लाथ मारते."

बाईसाहेब म्हणजे आमची सगळ्यांत थोरली गाय. तिला तिच्या मर्जीचा हात लागायचा.

"मारू दे," मामंजी म्हणाले.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तवा घासत होत्या. तो आधीच चकचकीत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठ्यातली बादली आपटल्याचा आवाज ऐकत होते. वन्संला बाईसाहेब पान्हाच सोडत नव्हती. दूध उतरलं. दूध काढल्यापासून केंद्रावर पोचेपर्यंत मामंजी कॅनजवळ बसून राहायचे, कोंबडी अंड्यावर बसते तसे. मला कॅनच्या बाजूनं जायचीही सोय उरली नाही. एकदा मी फडकं घ्यायला वाकले तर त्यांनी कॅनच्या झाकणावर हात ठेवला. तो हात मी विसरलेले नाही.

तरीही फॅट आली दोन सहा. डिग्रीवाल्यानं सांगितलं, पंधरवडाभर वाट बघतो, नाही सुधारलं तर कॅन इथे उतरवायचा नाही. वन्सं घरी आली ती धुमसतच.

"वहिनी, बेकरीवाली काय म्हणाली माहितेय? म्हणे भावजयीनं नणंदेलाही फितवलं. मी साय खाल्ली असती तर निदान माझे गाल तरी वर आले असते."

"आता कळलं तुला," मी म्हटलं.

"काय कळलं? मला लाथही बसली आणि नावही गेलं. तुझं तर नुसतं नावच गेलंय."

त्याच दिवशी गुणी आजारी पडली. नावासारखीच गरीब गाय होती. खाणं सोडलं, पातळ आंबूस शेण टाकायला लागली, आणि मागचे पाय आळीपाळीनं उचलून उभी राहायची, फरशी तापली असल्यासारखी. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांना गल्लीत सगळे थर्मामीटर म्हणायचे. तो त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेनासारखा लावलेला असायचा, आणि जनावराला तो कुठे लावतात ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांच्याकडे कधी कुणी सही करायला पेन मागत नसे.

त्यांनी गुणीच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरली आणि थांबून राहिले. मग विचारलं, "रवंथ करते?"

"करत असेल की," मामंजी म्हणाले.

"नाही करत," मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं. "एकही गाय करत नाही. बरेच दिवस झाले."

"आणि कुणी सांगितलं नाही?"

मी मामंजींकडे पाहिलं. मामंजी गुणीकडे बघायला लागले.

"खायला काय असतं?"

"दिवसभर नवं कुरण," मामंजी छाती काढून म्हणाले. "आणि संध्याकाळी डबाभर भरडा. सपाट."

डॉक्टरांनी थोडं शेण चाळणीत घेतलं आणि नळाखाली धरलं. पाणी निवळत गेलं तसे चाळणीत मक्याचे पिवळे तुकडे दिसायला लागले. बरेच होते. त्यांनी चाळणी मामंजींच्या समोर धरली.

"हा एका डब्याचा मका नाही."

"आमच्याकडे उंदीर फार झालेत," मामंजी म्हणाले.

"उंदरांनी खाल्लेला मका गाईच्या शेणातून निघत नाही."

मांजर कोठीवरून उतरून निघून गेलं.

आधी सासूबाई बोलल्या. "मी डबा जरासा शीग लावून भरायची. सपाट डबा पुढ्यात ठेवायला कसंतरी वाटतं. मुक्या जनावराला काय वाटेल."

"शीग किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"डब्यावर डबाच म्हणा."

वन्संनं नखं बघत सांगितलं, "दुपारी हाक मारली की याव्यात म्हणून मी कुरणात नेऊन थोडा घालते. ओंजळभर."

"ओंजळभर?"

"बादलीभर."

आमचे हे वखारीतून नुकतेच आले होते, अंगावर भुसा होता. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी आलो की त्या माझ्याकडे बघतात. मग मला राहवत नाही."

"आणि मालक?" डॉक्टर म्हणाले.

मामंजींनी गुणीच्या पाठीवरून हात फिरवला. मग शेपटीजवळ काहीतरी शोधल्यासारखं केलं.

"सकाळी. उठल्या उठल्या," ते अखेर म्हणाले. "दूध वाढतं ना त्यानं."

कायदा करणाऱ्यानंच तो मोडला होता, आणि बाकीच्यांनी त्याच्या भीतीनं लपूनछपून. माझं लक्ष कोठीकडे गेलं. एवढे मोठे उंदीर आमच्याच घरात होते आणि आम्ही मांजराला दूध पाजत होतो.

डॉक्टर हात धूत बोलत होते. ते कुणावर रागावले नव्हते, नुसते वैतागले होते, आणि मला त्यांचा तो वैताग फार आवडला.

"गाय दाण्यावर दूध देते आणि वैरणीवर साय देते. पोटात चावायला लावणारं काहीतरी गेलं पाहिजे. तुमचं गवत कोवळं, ते चावावं लागत नाही. भरडा तर नाहीच नाही. चावलं नाही की रवंथ नाही, रवंथ नाही की लाळ नाही, लाळ नाही की पोट आंबतं. पोट आंबलं की पहिली साय जाते. मग भूक जाते, मग पाय जातात. हिचे पाय चाललेत. बाकीच्यांचे त्याच रस्त्यानं निघालेत."

"मग फॅट..." मामंजी म्हणाले.

"त्यानंच गेली. दुसरं काय?"

त्यांनी सांगितलं की गुणीचा दाणा पूर्ण बंद, तिला पाण्यातून खाण्याचा सोडा द्यायचा. बाकीच्यांना सकाळी कुरणात सोडण्याआधी जुन्या गंजीतलं वाळलेलं गवत पोटभर घालायचं, आणि भरडा दोन वेळा मिळून एक डबा, एकाच माणसानं. "दूध थोडं कमी होईल, घाबरू नका. फॅट वर यायला आठवडा-दीड आठवडा लागेल. हळूहळू येईल."

डॉक्टर गेले आणि घरात जे भांडण पेटलं ते शिगेचं. सासूबाई म्हणत होत्या माझ्या डब्यानं काही झालं नसतं, बादली जास्त झाली. वन्सं म्हणत होती दुपारचं उन्हात जिरून जातं, सकाळचा रिकाम्या पोटी बाधला. हे म्हणाले आपल्याला काय माहीत, सगळ्यांचंच थोडं थोडं असेल. मामंजी म्हणाले आता कोठीला कुलूप. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता कुणीतरी माझ्याकडे वळेल. मग भांडण थकलं आणि सगळे चहा मागायला लागले.

मी चहा टाकला आणि आधण येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की माझं काम आधीपेक्षा बिकट झालंय. फॅट आता वर येणार होती. मी गोठ्यातून बाहेर असताना येणार होती. गल्लीला भरडा आणि लाळ कोण समजावून सांगणार? गल्लीला एवढंच दिसणार की सुनेला गोठ्यातून काढलं आणि साय परत आली.

संध्याकाळी मी मामंजींना गाठलं. ते कोठीला कडी ठोकत होते.

"मामंजी, केंद्रावर सांगा की साय मी काढली नव्हती."

"फॅट वर आली की लोकांना आपोआप कळेल."

"काय कळेल? मला काढलं आणि चोरी थांबली, हेच कळेल. फॅट यायच्या आत सांगायला हवं."

त्यांनी खिळ्यावर हातोडी मारली. खिळा वाकला.

"तिथे काय सांगू मी? घरातली सगळी माणसं अक्कल गहाण ठेवून बसली होती म्हणून सांगू?"

"हो."

"उद्या बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर रांग फार होती. तिसऱ्या दिवशी डिग्रीवाला घाईत होता. मग पाऊस होता, मग बेकरीवाली शेजारीच उभी होती. वाळलेलं गवत सुरू झालं होतं आणि निकाल रोज मागच्या दारापर्यंत ऐकू यायचा. दोन सात. दोन आठ. एका सकाळी तीन. वन्सं नाचत घरात आली. सासूबाईंनी कपाळावरचा घाम पुसून हुश्श केलं. आपल्याच गाईंचं दूध सुधारू नये असं वाटणारी त्या घरात मी एकटी होते, आणि याचाही मला संताप यायचा.

"तुम्ही सांगा ना त्यांना," मी सासूबाईंना म्हटलं.

"मी काय सांगू? शीग लावली म्हणून मलाच अजून टोमणे मारतात."

यांना म्हटलं तर हे म्हणाले, "मी बोलतो बाबांशी."

"कधी?"

"त्यांचा मूड बघून."

मूड काही बघून झाला नाही.

एके सकाळी वन्सं कॅनचा कान धरून मामंजींबरोबर निघाली होती. मी पुढे झाले आणि तिच्या हातावर हात ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कान सोडून दिला.

"घे बाई. मला कुठे हौस आहे."

"तू कुठे निघालीस?" मामंजी म्हणाले.

"कॅनला दोन कान असतात," मी म्हटलं.

गल्लीभर कॅन दोघांच्या मध्ये होता. ते भरभर चालायला लागले की मी सावकाश चालायची, म्हणजे त्यांनाही सावकाश चालावं लागायचं. केंद्रावर रांग होतीच. बेकरीवाली होती, शिंपी होता, दोन-चार ओळखीचे चेहरे होते. आमचा नंबर लागला.

"डिग्री ठीक," डिग्रीवाला ओरडला. "फॅट तीन एक. सुधारतंय काका."

"सून सुधारली वाटतं," बेकरीवाली कुणाकडेच न बघता म्हणाली.

मी कॅनचा कान सोडला नाही. म्हणजे मामंजींनाही जाता येईना.

"मामंजी, तुम्ही इथे केंद्रावर काही सांगणार होतात ना."

मामंजींनी घसा खाकरला. ओठ हलले.

"काय म्हणालात?" डिग्रीवाला म्हणाला. त्यानं पुढच्या नळ्या यंत्रात घातल्या होत्या आणि हातानं दांडा फिरवत होता. खडखडाट सुरू झाला होता. "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

"भरडा जास्त झाला होता," मामंजी म्हणाले.

"काय झाला होता?"

"भरडा," मामंजी ओरडले. त्यांचा आवाज मी कधी एवढा मोठा ऐकला नव्हता. "घरातल्या सगळ्यांनी घातला. मीसुद्धा घातला. दोष गाईंच्या पोटात होता. साय कुणी काढली नव्हती. सुनेनं..."

इथे डिग्रीवाल्यानं दांडा सोडला आणि यंत्र बंद पडलं. शेवटचं वाक्य मामंजी शांत खोलीत ओरडले.

"सुनेनं तर नाहीच नाही."

ते पत्र्यावर आपटून परत आल्यासारखं वाटलं. शिंप्यानं मान खाली घातली. डिग्रीवाल्यानं पुन्हा दांड्यावर हात ठेवला.

"मग आधीच सांगायचं नाही का," तो म्हणाला. "चला, पुढचा कॅन."

बेकरीवाली म्हणाली, "मग पोराचे गाल कशानं आले?"

म्हणजे सासूबाईंचं वाक्य भिंतीबाहेर गेलं होतं तर. मी रिकामा कॅन उचलला. सगळ्यांची तोंडं बंद करायची म्हटली तर मला जन्म पुरला नसता.

घरी येईपर्यंत मामंजी पुढे चालत होते, मी मागे रिकामा कॅन एकटीच घेऊन. दारात ते थांबले. मला वाटलं, आता काही म्हणतील. त्यांनी चपला काढल्या, नीट जोडीनं लावल्या आणि आत गेले. धार काढ असंही म्हणाले नाहीत, काढू नको असंही नाही. संध्याकाळी मी बादली उचलली आणि बाईसाहेबच्या कुशीला कपाळ टेकवून बसले. तिनं पान्हा सोडला. आतून जात्याचा आवाज येत होता, थोडा अडखळत, पण येत होता.

पंधरवडा संपायच्या आत फॅट साडेतीनच्या वर गेली. तोवर तिच्यात मला काही गोडी उरली नव्हती.

आता कोण कुठे गेलं ते सांगते. गुणीचे पाय सुधारले, पण ती कायमची जराशी तोल सांभाळत चालायची. वन्संचं लग्न पुढच्या वर्षी एका सुताराशी झालं. ती सांगते की तिच्या घरी साय वाटीनं मोजून देतात आणि ती मुद्दाम सगळ्यांदेखत खाते. बेकरीवालीनं बेकरी विकली आणि मुलीकडे राहायला गेली. जाताना माझ्या मुलाला पाव देऊन गेली, तेव्हा त्याचे गाल केव्हाच गेले होते. डिग्रीवाल्याच्या जागी विजेचं यंत्र आलं, ते काही ओरडत नाही. डॉक्टर म्हातारे होऊन गेले. त्यांचा थर्मामीटर त्यांच्या मुलानं काचेच्या कपाटात ठेवला आहे. मांजर आमच्याकडेच म्हातारं झालं, उंदीर न पकडता. आमचे हे वखारीतून निवृत्त झाले आणि गेले त्या वर्षापर्यंत गाईंना चोरून भरडा घालत होते. कोठीची किल्ली माझ्याकडे असायची. त्यांनी दुसरी करून घेतली होती, ती मला त्यांच्या कोटाच्या खिशात सापडली. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या की नुसत्या शिगेनं काही होत नाही.

मामंजी सगळ्यांच्या मागून गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना मऊ पदार्थच चालायचे. मी रोज सकाळी वाटीत साय काढून, थोडी साखर घालून त्यांच्या पलंगाशी नेऊन ठेवायची. ते चमचा उचलायचे आणि मला विचारायचे, "साय कुणी काढली?"

"मी काढली," मी म्हणायची.

"हं," ते म्हणायचे, आणि खायला लागायचे.

त्यात थट्टा होती की क्षमा की जुनीच शंका, ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. वाटी मात्र रोज रिकामी व्हायची.